दुधाचे दात पडणारच, मग काळजी कशाला?

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



गटाच्या बैठकीत आम्ही सहयोगिनी बचतीचं बोलतो, हप्त्याचं बोलतो, शेळीच्या विम्याचं बोलतो. लेकरांच्या वजनाचं आणि लसीचंही विचारतो. पण इतक्या वर्षांत आम्ही कुणी एकदाही विचारलं नव्हतं, की बाई, तुझ्या लेकराचे दात कसे आहेत? आज तेच बोलायचं आहे. आणि हे बोलायला आम्हाला उशीर झाला, हे आधीच कबूल करतो.

तुम्हाला ठाऊक आहे, बीड जिल्ह्यातल्या आपल्या गावांतून दसरा झाला की गाड्या भरतात. नवरा-बायकोचा कोयता, वर भांडीकुंडी, कोंबड्या आणि मांडीवर लहान लेकरं. शाळेत जाणारी मुलं आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. सहा वर्षांच्या आतली मात्र आईबरोबर फडावर जातात. मागच्या हंगामात, ऐन थंडीत, आमच्या एका गटातल्या ताईचा कारखान्याच्या भागातून फोन आला. चार-साडेचार वर्षांच्या लेकीचा गाल सुजला होता. आधी दाढ दुखत होती म्हणून कुणीतरी दाढेत मिसरी भरायला सांगितली. मग गरम विटकरीचा शेक दिला. सूज डोळ्यापर्यंत चढली, अंगात ताप भरला, पोरगी तोंड उघडेना. मुकादम म्हणाला, गाडी भरू दे, मग जा. त्यात तीन दिवस गेले. शेवटी आईबाप रात्री दवाखान्यात पोचले. डॉक्टर पहिलं वाक्य बोलले, “आणखी थांबला असता तर अवघड होतं.”

पोरगी वाचली. पण दवाखान्यातले दिवस बुडाले, उचलीच्या हिशेबात खाडे लागले, खर्चाला गटातून कर्ज काढावं लागलं. ती ताई गावी आल्यावर आम्हाला म्हणाली, “ताई, दुधाचे दात पडणारच असतात ना? मग मी कशाला बघत बसले असते?”

तिचं चुकलं असं म्हणायला आमची जीभ रेटेना. कारण आम्हालाही तेव्हा तेवढंच माहीत होतं. म्हणून आम्ही दंतवैद्य डॉक्टरांना भेटलो, अंगणवाडीताई आणि आशाताईंबरोबर बसलो, विचारून घेतलं. ते आता तुम्हाला सांगतो.

दुधाचे दात कशासाठी जपायचे?

बाळाला साधारण सहा महिन्यांचं झालं की पहिला दात येतो. अडीच-तीन वर्षांपर्यंत दुधाचे वीसही दात येतात. पुढचे दात सहा-सात वर्षांचं झालं की पडू लागतात. पण दुधाच्या दाढा तेव्हा पडत नाहीत. त्या पडायला दहा ते बारा वर्षं उजाडतात. म्हणजे तीन वर्षांच्या लेकराची दाढ किडली, तर ती आणखी सात-आठ वर्षं त्याच्या तोंडात राहायची आहे. “पडेल आपोआप” म्हणून एवढी वर्षं काढायची का?

दाढ दुखली की लेकरू एका बाजूनं चावतं. भाकरी नको म्हणतं, चहात बुडवलेलं बिस्किट मागतं. रात्री झोपत नाही. वजन वाढत नाही तेव्हा आपण म्हणतो, खातच नाही, दृष्ट लागली. वजनाचा काटा दाखवतो ते खरं, पण कारण कधीकधी तोंडात असतं.

दुसरी गोष्ट, दुधाचा दात हा खालून येणाऱ्या पक्क्या दाताची जागा धरून ठेवतो. तो वेळेआधी काढावा लागला तर शेजारचे दात त्या जागेकडे सरकतात आणि पक्का दात वाकडा येतो. शिवाय किडलेल्या दाताच्या मुळाशी पू झाला तर तो खालच्या पक्क्या दातालाही बाधतो. आणि तो पू पसरला की काय होतं, ते त्या लेकीच्या बाबतीत आपण पाहिलंच.

हा काही एकट्या आपल्या गावाचा प्रश्न नाही. २००२-०३ साली देशभर दातांची मोठी पाहणी झाली, तेव्हा पाच वर्षांच्या मुलांपैकी सुमारे निम्म्या मुलांचे दात किडलेले आढळले होते. ज्याच्या हातात पैसा आहे तो दात भरून घेतो. आपल्या लेकराचा दात दुखेपर्यंत तसाच राहतो आणि दुखला की उपटला जातो. फरक आहे तो इथे.

कीड म्हणजे किडा नव्हे

आपल्याकडे म्हणतात, दातात किडा पडला. मग कुणी रिंगणीच्या बियांची धुरी देतं आणि पाण्यात पडलेले बारीक तुकडे दाखवून म्हणतं, हे बघा किडे निघाले. मैत्रिणींनो, ते किडे नसतात, त्या बियांचेच अंश असतात. धुरीनं दात बरा होत नाही. लहान लेकराचं तोंड मात्र भाजू शकतं.

खरं काय होतं ते ऐका. आपल्या दातांवर एक चिकट थर साचतो. बोटानं घासलं तर लागतो. त्या थरात डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. आपण गोड खाल्लं की ते जंतूही गोड खातात आणि आम्ल तयार करतात. आंबट म्हणा हवं तर. ते आम्ल दाताच्या वरच्या कठीण कवचातला चुना विरघळवतं. मग लाळ येते, आम्ल धुऊन टाकते आणि दाताला झिजलेलं थोडं परत देते. पण त्याला साधारण अर्धा तास किंवा त्याहून जास्त वेळ लागतो.

मातीच्या भिंतीचं उदाहरण घ्या. पाऊस येऊन गेला आणि मग ऊन पडलं तर भिंत टिकते. रोज दिवसभर रिपरिप चालू राहिली तर भिंत बसते. दाताचंही तसंच आहे. लेकरानं बिस्किटाचा पुडा एकदाच बसून खाल्ला आणि वर पाणी प्यायलं, तर दाताला सावरायला वेळ मिळतो. तोच पुडा हातात धरून सकाळपासून दुपारपर्यंत एकेक बिस्किट चघळलं, तर दात सारखा आम्लात भिजत राहतो. म्हणून गोड किती खाल्लं यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्लं, हे जास्त महत्त्वाचं.

आता फडावरचा दिवस डोळ्यासमोर आणा. आई पहाटे ऊस तोडायला लागते. लेकरू रडू नये म्हणून हातात बिस्किटाचा पुडा, नाहीतर उसाचं कांडं. ऊस चावला की दात साफ होतात, असं आपण समजतो. पण उसाचा रस म्हणजे साखरच. दिवसभर कांडं चघळणाऱ्या लेकराच्या दाताला सावरायला वेळच मिळत नाही. रात्री रडलं तर गोड दुधाची नाहीतर गोड चहाची बाटली तोंडात. बाटली तोंडात ठेवूनच ते झोपतं. झोपेत लाळ कमी होते, त्यामुळे गोड दूध रात्रभर वरच्या पुढच्या दातांवर साचून राहतं. म्हणूनच अशा लेकरांचे वरचे पुढचे चार दात आधी जातात.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो, नाहीतर गैरसमज होईल. आईचं दूध बंद करायचं नाही. ते बाळाचा हक्काचा आहार आहे, दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही द्यावं. बंद करायची ती साखर-गुळाची बाटली, मधात बुडवलेली चोखणी आणि झोपतानाचा गोड चहा. दात आल्यावर रात्रीचं दूध पाजून झालं की स्वच्छ ओल्या फडक्यानं दात पुसून घ्यावेत. रात्री बाटली लागतच असेल तर तिच्यात साधं पाणी भरावं. एका दिवसात सवय सुटत नाही. रोज थोडं थोडं पाणी वाढवत जायचं.

ओठ उचलून बघा

किडीची सुरुवात दुखत नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. दुखायला लागतं तेव्हा कीड आत खोलवर गेलेली असते. म्हणून दुखण्याची वाट बघायची नाही, महिन्यातून एकदा बघायचं. लेकराला उजेडात मांडीवर झोपवा, हात स्वच्छ धुवा, बोटानं वरचा ओठ हळूच वर उचला. मग तोंड उघडायला लावून दाढाही बघा.

चार गोष्टी दिसू शकतात.

पहिली, हिरडीला लागून दातावर खडूसारखी पांढरी रेघ. ही किडीची पहिली पायरी. इथून दात परत येऊ शकतो. घासणं सुधारलं आणि गोड कमी वेळा दिलं तर रेघ थांबते.

दुसरी, तपकिरी किंवा काळा डाग, नाहीतर दाढेवर खळगा. महिन्याभरात डॉक्टरांना दाखवायचं.

तिसरी, उघड भोक, तुटलेला दात, खाताना दुखणं. आठवड्याच्या आत दाखवायचं.

चौथी, हिरडीवर पुटकुळी, गालावर सूज, ताप, तोंड न उघडणं. ही वाट बघायची वेळ नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे चढत असेल, गिळता येत नसेल, श्वासाला त्रास होत असेल तर १०८ ला फोन करायचा. सुजेवर शेक द्यायचा नाही. दातात मिसरी, तंबाखू, गोळीचा चुरा भरायचा नाही. पुटकुळी घरी सुईनं फोडायची नाही.

हे बघायला डॉक्टर लागत नाही, आई लागते. उन्हाळ्यात मंडळी गावी परतल्यावर आम्ही एका गटाच्या बैठकीत सगळ्यांना आपापल्या लेकरांचे ओठ उचलायला सांगितले. काळे डाग असलेली लेकरं मोजायला आमच्या हाताची बोटं कमी पडली. बैठकीत बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

घासायचं कसं, कशानं आणि कुणी?

राखुंडी, विटकरीची भुकटी, काळं मंजन यांनी दात झिजतात आणि किडीला आळाही बसत नाही. कडुनिंबाच्या काडीनं मोठ्या माणसाचे दात साफ होतात, पण तीन वर्षांच्या लेकराच्या दाढेपर्यंत काडी पोचत नाही. लहान डोक्याचा मऊ ब्रश आणि फ्लोराइडची पेस्ट, एवढंच लागतं. फ्लोराइड दाताचं कवच पक्कं करतं आणि सुरुवातीची पांढरी रेघ भरून यायला मदत करतं. पेस्ट घेताना नळीवर किंवा खोक्यावर फ्लोराइड लिहिलंय का आणि १००० पीपीएमच्या जवळपास आहे का, ते बघा. मुदतीची तारीखही बघा. वाचता येत नसेल तर गटातल्या सचिवाला वाचायला सांगा.

पेस्ट किती घ्यायची? जाहिरातीत ब्रशभर दाखवतात, तेवढी नको. तीन वर्षांच्या आतल्या लेकराला तांदळाच्या दाण्याएवढी. तीन ते सहा वर्षांच्या लेकराला वाटाण्याएवढी. सकाळी एकदा आणि रात्री झोपण्याआधी एकदा. रात्रीचं घासणं चुकवायचं नाही. त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही. घासून झालं की थुंकायचं, पण खळखळून चूळ भरायची नाही, म्हणजे थोडं औषध दातावर राहतं. पेस्ट गिळायची नाही, हे लेकराला पहिल्यापासून शिकवा.

आणि घासायचं कुणी? आईनं, बापानं, आजीनं. सात-आठ वर्षांपर्यंत लेकराच्या हाताला दाढेपर्यंत नीट घासता येत नाही. ते ब्रश चावतं आणि म्हणतं, झालं. लेकराला पुढ्यात बसवा, त्याचं डोकं आपल्या छातीला टेकवा, एका हातानं हनुवटी धरा आणि दुसऱ्या हातानं घासा. वेणी घालताना बसवतो तसंच. एका लेकराचा ब्रश दुसऱ्याला द्यायचा नाही. तीन महिन्यांनी, किंवा तारा फाकल्या की त्याआधीच, बदलायचा.

खर्चाचा हिशेब आम्ही गटात मांडला. वाटाण्याएवढी पेस्ट म्हणजे साधारण पाव ग्रॅम. दिवसातून दोनदा म्हणजे अर्धा ग्रॅम. १०० ग्रॅमची नळी एका लेकराला २०० दिवस पुरते, म्हणजे अख्खा ऊसतोडीचा हंगाम निघतो आणि वर उरते. रोज पाच रुपयांचा बिस्किटपुडा घेतला तर २०० दिवसांचे १,००० रुपये होतात. पेस्ट त्याच्या किती कमी पैशात येते, ते दुकानात विचारून तुम्हीच मांडा.

एक सावधगिरी सांगायची आहे. काही गावांच्या बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असतं. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांत हे मोठ्या प्रमाणात आढळलं आहे, आणि आपल्या भागातही काही विहिरी-बोअर तपासून घ्याव्या लागतात. अशा पाण्यानं मुलांच्या पक्क्या दातांवर पांढरे-तपकिरी पट्टे येतात. लिटरला १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड असलेलं पाणी पिण्यासाठी योग्य धरत नाहीत. ग्रामपंचायतीकडे पाणी तपासणीचा अहवाल मागा. गावात पाणी तपासायला शिकवलेल्या महिला असतात, त्यांना विचारा. पाण्यात फ्लोराइड जास्त निघालं तर लेकराला कोणती पेस्ट द्यायची, ते दंतवैद्यालाच विचारा.

मिसरीबद्दल दोन शब्द

हे बोलताना आम्हाला संकोच वाटतो, कारण आमच्यातल्याही काहीजणी लावत होत्या. मिसरी म्हणजे भाजलेला तंबाखू. लेकराच्या हिरड्या शिवशिवतात म्हणून बोटभर मिसरी चोळली की ते गप्प बसतं. ते गप्प बसतं ते तंबाखूच्या अमलानं. तंबाखू घातलेल्या दंतमंजन-पेस्टवर देशात १९९२ सालीच बंदी आली आहे. जे विकायला बंदी आहे ते आपण घरात भाजून लेकराच्या तोंडात घालू नये. आईची मिसरी सुटायला वेळ लागेल, पण लेकराची सुरूच होऊ द्यायची नाही.

सरकारी सोय कुठे आहे आणि ती आपल्यापर्यंत का पोचत नाही?

मैत्रिणींनो, सोय नाही असं नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच महाराष्ट्रातल्या पालघरमधून सुरू झाला. त्यात डॉक्टर, नर्स आणि औषधनिर्माता यांचं पथक गाडी घेऊन वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येतं. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतं. ज्या आजारांसाठी तपासायचं, त्या यादीत दातांचे आजारही आहेत. कीड दिसली तर चिठ्ठी देऊन वरच्या दवाखान्यात पाठवतात. जिल्हा रुग्णालयात, उपजिल्हा रुग्णालयात आणि काही ग्रामीण रुग्णालयांत दंतवैद्य असतात. छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आणि रुग्णालय आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत.

मग अडतं कुठे? आम्ही शोधलं तेव्हा तीन जागा सापडल्या.

पहिली जागा, वेळ. पथक आलं तेव्हा आपली लेकरं फडावर. पथक थंडीत येऊन गेलं, वहीत ‘स्थलांतरित’ लिहिलं गेलं आणि विषय संपला. त्या लेकीच्या नावापुढेही तेच लिहिलेलं होतं.

दुसरी जागा, चिठ्ठी. चिठ्ठी मिळाली तरी तालुक्याला जायचं म्हणजे आईची मजुरी बुडणार, गाडीभाडं लागणार. तिथे गेल्यावर कळतं की दंतवैद्य आज नाहीत, परवा या. दुसऱ्यांदा कोण जाणार? चिठ्ठी डब्यात राहते.

तिसरी जागा, भीती. दाताचा डॉक्टर म्हणजे उपटणारच, असं आपल्या मनात बसलं आहे, कारण आपण उपटायची वेळ आल्यावरच गेलो. लवकर गेलं तर उपटावं लागत नाही. दातांवर फ्लोराइडचा लेप लावता येतो, त्याला काही मिनिटं लागतात आणि दुखत नाही. दाढेच्या खोल चिरा बुजवता येतात. लहान कीड हातानं खरवडून, मशीन न लावता भरता येते. किडीवर लावायचं एक चांदीयुक्त औषध आहे, त्यानं कीड तिथेच थांबू शकते. ती जागा काळी पडते, हे आधी माहीत असावं, म्हणजे नंतर घाबरायला होत नाही. प्रत्येक दवाखान्यात हे सगळं मिळेलच असं नाही, पण नावानं विचारलं तर डॉक्टर सांगतात.

दाढेच्या चिरा बुजवण्यावरून आणखी एक सांगतो. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. ती येताना कुठलाच दात पडत नाही, म्हणून आईला कळतही नाही. ती पक्की दाढ आहे, दुधाची नाही. ती गेली तर परत येत नाही. मूल पहिलीत जाईल त्या वर्षी ही दाढ आठवणीनं बघा आणि दाखवा.

गटानं काय करायचं?

आम्ही आमच्या ग्रामसंघात जे सुरू केलं, ते सांगतो. यात मोठं काही नाही.

एक, तारीख आधी मागायची. ग्रामसंघाच्या लेटरहेडवर अर्ज लिहिला, की आमच्या गावातली कुटुंबं दसऱ्यानंतर जातात, तेव्हा अंगणवाडीची एक तपासणी त्याआधी आणि दुसरी मंडळी परतल्यावर ठेवावी. सोबत सहा वर्षांच्या आतल्या मुलांची यादी जोडली. पहिल्यांदा उत्तर आलं नाही. दुसऱ्यांदा आम्ही पाचजणी जाऊन बसलो, तेव्हा तारीख मिळाली. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.

दोन, एकटीनं नाही, मिळून जायचं. चिठ्ठी मिळालेल्या सगळ्या लेकरांना एकाच दिवशी न्यायचं. आधी फोन करून दंतवैद्य कोणत्या वारी असतात ते विचारायचं. एक जीप केली की भाडं वाटलं जातं. ज्यांना जमत नाही त्यांच्यासोबत दुसऱ्या ताईला पाठवायचं. भाड्याला पैसे नसतील तर अंतर्गत कर्जातून छोटी रक्कम द्यायची. आशाताई आणि सरपंचांना सांगून गावाच्या आरोग्य समितीच्या निधीतून काही होतं का, तेही मासिक सभेत विचारायचं.

तीन, अंगणवाडीत घासणं. जेवणानंतर लेकरं ओळीत बसून ब्रश करतात. फिलिपाईन्स देशातल्या गरीब भागांतल्या शाळांत हात धुणं आणि दात घासणं रोज एकत्र करून घेतात, त्याचा मुलांना चांगला उपयोग झाला आहे. आपल्याकडेही हात धुण्याची सवय लागलीच आहे, त्याला हे जोडायचं. ब्रशवर प्रत्येकाचं नाव किंवा चित्र, ब्रश उभे आणि एकमेकांना न लागता ठेवायचे. पेस्टची नळी ब्रशला लावायची नाही, ताटलीच्या काठावर ठिपके ठेवून तिथून उचलायची. अंगणवाडीताईवर आधीच कामाचं ओझं आहे, म्हणून गटातल्या दोघी आळीपाळीनं तिथे जातात.

चार, फडावरची पिशवी. जाण्याआधी प्रत्येक आईच्या पिशवीत लेकराचा ब्रश, पेस्टची नळी, माता-बाल कार्ड, तपासणीची चिठ्ठी आणि फोन नंबरांचा कागद असतो. अंगणवाडीताईकडे स्थलांतराची नोंद करून घ्यायची आणि तिथे पोचल्यावर जवळची अंगणवाडी विचारायची. परगावच्या अंगणवाडीतही आपल्या लेकराचा हक्क आहे.

पाच, दुकान. हे सगळ्यात अवघड होतं. अंगणवाडीसमोरचं किराणा दुकान आमच्याच गटातल्या ताईचं. गटाच्याच कर्जातून उभं राहिलेलं. तिचा सकाळचा धंदा एक-एक रुपयाच्या गोळ्यांचा आणि बिस्किटांचा. बैठकीत एकीनं म्हटलं, दुकान हलव. ती रडली. म्हणाली, “तुमचा हप्ता मग कशातून भरू?” दोघींचंही खरं होतं. दोन बैठका त्यातच गेल्या. शेवटी ठरलं ते असं. गोळ्यांची बरणी पुढून मागे जाईल. पुढे फुटाणे, शेंगदाणे, मुरमुरे, केळी राहतील. लहान मुलांचे ब्रश आणि पेस्ट ती ठेवेल, आणि गटातल्या सगळ्याजणी तिच्याकडूनच घेतील. गोळ्या पूर्ण बंद झाल्या नाहीत, खोटं कशाला सांगू? पण आता ती स्वतःच लेकरांना म्हणते, “जेवण झाल्यावर ये.” आणि आम्ही स्वतःपासून सुरुवात केली. बैठकीत लेकरांना गप्प बसवायला आम्ही बिस्किटं वाटायचो, ते बंद केलं.

जाता जाता

ती लेक यंदा अंगणवाडीच्या वरच्या गटात आहे. किडलेली दाढ काढावी लागली, तिथे मोकळी जागा दिसते. ती जागा धरायला काय करायचं, ते दंतवैद्य बघत आहेत. बाकीच्या दाढांना लेप लावून झाला. तिच्या आईनं यंदाही उचल घेतली आहे, कारण पोट कुणाला चुकलं आहे? पण जायच्या आधी तिनं पिशवी उघडून आम्हाला दाखवली. त्यात दोन ब्रश होते. एक लेकीचा आणि एक तिचा स्वतःचा. म्हणाली, “मिसरी सोडायची म्हणतेय, बघू.”

मैत्रिणींनो, आज रात्री जेवणं झाली की एवढंच करा. लेकराला दिव्याखाली मांडीवर घ्या आणि ओठ उचलून बघा. जे दिसेल ते पुढच्या बैठकीत सांगा. गटाच्या वहीत बचत आणि हप्ता यांच्या शेजारी एक रकाना आखा आणि वर लिहा, ‘दात’.